उचलायचं राहिलेलं पान

१

"फोन काल, रविवारी संध्याकाळी बोईसर स्टेशनात बंद झालाय," तरुण साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "त्याआधी ती डोंगरावरून सुखरूप खाली आली, हे तिथल्या कॅम्पवाल्याने डोळ्यांनी बघितलंय. म्हणजे डोंगरावर काही झालेलं नाही, विजयाताई. मुलगी सज्ञान आहे. सुरतेपासून विरारपर्यंत फोटो पाठवलाय. सापडेल."

पुढचं वाक्य ते बोलले नाहीत. हवालदार म्हणून विजयाची सगळी नोकरी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला गेली होती, आणि ते न बोललेलं वाक्य तिनेही कितीतरी आयांसमोर असंच हवेत सोडलं होतं. कुणाबरोबर तरी गेली असेल. आज टेबलाच्या अलीकडे बसल्यावर ते कसं लागतं हे तिला कळलं.

"साहेब, शनिवारी तिने वाल भिजत घातले," विजया म्हणाली. "रविवारी निघताना फडक्यात बांधून ठेवले आणि मला बजावलं, हात लावू नको, बिरडं मी करणार. पळून जाणारी पोर वालांना मोड आणायला ठेवून जात नाय."

साहेब हसले नाहीत, हे त्यांचं चांगलं. पण गणपती तोंडावर आले होते, माणसं बंदोबस्ताला लागली होती. दुपारनंतर एक गाडी डोंगराकडे पाठवतो, एवढंच त्यांनी कबूल केलं.

मेघाली म्हणजे विजयाच्या भावाची मुलगी. भाऊ-भावजय गेल्यावर एडवणच्या घरात आतेनेच वाढवलेली, आता तारापूरच्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत केमिस्ट. मागे पानवेली आणि केळींची वाडी, पुढे समुद्र, आणि हिला ओढ डोंगरांची! सुट्टी मिळाली की पाठीला सॅक अडकवून एकटीच धबधबे आणि रानं तुडवायला निघायची. "एकटीच कशाला?" हा आतेचा प्रश्न आणि "मग कुणाला नेऊ?" हे भाचीचं उत्तर, दोन्ही पाठ झालेले. रविवारी तर विजया तिच्याशी बोललीसुद्धा नव्हती.

विजया रुसली की बोलायची नाही, पण विडा लावून सॅकच्या कडेच्या कप्प्यात सरकवायची मात्र कधी चुकली नाही. वाडीतलं पान, देठ न खुडता आत मुडपलेला, वर लवंग टोचलेली. वाटेला लागलेल्या माणसाच्या विड्याचा देठ खुडायचा नाही, ही तिच्या आईची रीत. मेघाली पान खात नसे. कुठेतरी फेकून देत असणार, असं विजया धरूनच चालली होती. तरी द्यायची.

ठाण्याबाहेर शैलेशची रिक्षा उभी होती. मेघालीला रविवारी डोंगराच्या पायथ्याशी सोडणारा तो हाच. विजया आत बसली आणि म्हणाली, "जिथे तिला सोडलंस तिथे चल."

शैलेशने आरशात तिच्याकडे बघितलं आणि नजर चुकवली.

२

कुंभवलीचा शैलेश मेघालीचा ठरलेला रिक्षावाला. रानात कुठेही जायचं असलं तरी हाच सोडायचा आणि हाच आणायचा. मनोर मागे पडलं, भातखाचरं लागली, समोर ढगांत अर्धा बुडालेला काळखोंडीचा डोंगर दिसायला लागला, तरी हा गडी गप्प. एरवी याच्या तोंडाला कुलूप लावावं लागायचं.

"किती वाजता न्यायला बोलावलं होतं तिने?"

"चारला, मावशी. मी चारलाच गेलतो. ताई नव्हती. वाटलं, दुसऱ्या गाडीने गेली."

विजयाने लुगड्याला चिकटलेली सोनेरी चमकी बोटाने टिपली. सीटवर होती, पायाखाली होती, शैलेशच्या कॉलरवरही होती.

"मखर कुणाचं नेलंस रे काल?"

रिक्षा जरा डगमगली. शैलेशने ती कडेला घेतली आणि कपाळाला हात लावला. "चुकलं, मावशी. भाडं चांगलं मिळालं, पूर्ण फॅमिली आणि मखर. मी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. ताईचा फोन लागत नव्हता. तुमाला कुठल्या तोंडाने सांगू?"

त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. विजयाला त्याच्या कानाखाली आवाज काढावासा वाटला, आणि त्याच वेळी दयाही आली. खोटं होतं, पण भित्र्या माणसाचं होतं. तिने हात झटकला. "चल आता."

पायथ्याशी पाडा, आणि पाड्याच्या अलीकडे नवसीची चहा-भज्यांची टपरी. नवसीने विजयाचा चेहरा बघितला आणि न विचारता चहा पुढे केला. "पी, बाय. बोअरचं पानी हाय, भिऊ नको. ओहळाचं आमी आता पीत नाय. वरून खेकडं मरून येतात वाहात."

"काल माझी पोर वर गेली होती."

"गेली ना! लाल टोपी. चांगली पोर. मीच तिला सांगितलं, वाघोबाला पाला ठेव नि मग वर जा."

काळखोंडीची ती रीत होती. टपरीमागे बांबूच्या बेटाआड वाघोबाचा दगड. वर जाणाऱ्याने देवापुढे हिरवं काहीतरी ठेवायचं, उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवायचा. उतरताना आपलं आपण उचलायचं आणि शेजारच्या ओहळात सोडायचं. दुसऱ्याच्या पाल्याला हात लावायचा नाही. दिवेलागणीला पाड्यातलं कुणीतरी जाऊन बघून यायचं.

"पाला राहिला तर मानूस राहिला," नवसी म्हणाली. "मग पाड्याची मानसं वर जातात, पाऊस असो नाय तर काय असो. पन काल एक बी डहाळी नव्हती. म्हंजे उतरली ती, बाय."

विजयाचा जीव क्षणभर भांड्यात पडला आणि लगेच पुन्हा टांगणीला लागला. उतरली, तर मग गेली कुठे?

"तिने कसला पाला ठेवला?"

"मी कढईपाशी. बघितलं नाय. हिरवं कायबी चालतं, एवढं सांगितलं." नवसी थांबली. "आनखी एक जन आलता बघ. मोटारसायकलवाला. तिच्या मागून. टोपी-टोपी विचारत होता, लाल टोपीवाली दिसली का म्हनून. हातावर मोठा मासा गोंदलेला."

विजयाने कप खाली ठेवला. मासा गोंदवलेला हात तिने तिच्या स्वतःच्या ओटीवर बघितला होता. दातिवऱ्याचा प्रीतम, मेघालीच्याच प्रयोगशाळेतला. आज सकाळी फोनवर तो म्हणाला होता, रविवारी मी ड्युटीवर होतो, काकी, मला काहीच माहीत नाही.

३

तिने प्रीतमला फोन लावला आणि एवढंच म्हणाली, "तुझ्या हातावरचा मासा काळखोंडीला लोकांनी बघितलाय. आत्ताच्या आत्ता इथे ये." पलीकडून उत्तर आलं, "येतो".

तोवर कॅम्प. टपरीपासून हाकेच्या अंतरावर तंबू, झोपाळे आणि 'निसर्गाच्या कुशीत' असा बोर्ड. मालक दर्पण वसईकडचा, तीन-चार पावसाळे इथे काढलेला, दाढी नीट कोरलेली, बोलणं मऊ. विजयाला त्याने खुर्ची दिली, चहा दिला, पुढ्यात खारीची बशी ठेवली.

"घ्या मॅडम, ताजी आहे. काल संध्याकाळीच बोईसरहून आणली. तुम्ही काही खाल्लेलं दिसत नाही."

"तुम्ही तिला उतरताना बघितलंत?"

"अगदी समोरून. दुपार कलली होती. लाल टोपी, ओली चिंब. वाघोबापाशी थांबली, आपली डहाळी उचलली, ओहळात सोडली. कुड्याची होती, शेंगा लोंबत होत्या. मला बरं वाटलं. नाहीतर शहरातली मुलं कुठे मानतात? मी माझ्याकडच्या प्रत्येक पाहुण्याला ही पद्धत शिकवतो. मग तिने मला हात केला आणि मेन रोडकडे चालत गेली."

"तुम्ही काल वर गेला होतात?"

"मी? नाही हो. कालचा सगळा दिवस इथेच."

विजयाने खारीचा तुकडा मोडला आणि बशीतच ठेवला. माणूस अडखळत नव्हता, घाम पुसत नव्हता, सगळं कसं ओळीने सांगत होता. तिच्या अनुभवाला इतकी ओळ खटकायची. पण खटकणं म्हणजे पुरावा नव्हे, आणि आज तर तिचा स्वतःवरच भरवसा नव्हता. आज ती हवालदार कमी आणि आते जास्त होती. प्रत्येक माणूस तिला मारेकरी वाटत होता.

कॅम्पच्या मागून एक कच्चा रस्ता झाडीत शिरत होता, चाकांच्या खोल चाकोऱ्या पडलेला.

"हा कुठे जातो?"

"वर माझी थोडी जागा आहे. पडीक. सामान ठेवतो," दर्पण म्हणाला आणि बशी उचलून आत गेला.

तेवढ्यात बांबूच्या बेटाकडून कुणाच्या तरी रडण्याचा आवाज आला.

४

रडत होता तो जिवल्या, नवसीचा म्हातारा सासरा. वाघोबाच्या दगडापुढे उकिडवा बसलेला, कालपासून घरी गेलेला नाही, अन्नाला शिवलेला नाही. नवसी त्याला दटावत होती.

"बघ ना, बाय! काल दुपारी खेकडं बघायला वर गेला. सांजेला उतरला तर याची डहाळी गायब. तवापासून बसलाय. म्हनतो, मी अजून वरच हाय."

"माझा पाला देवाने घेतला," म्हातारा हुंदका देऊन म्हणाला. "मी न उचलता गेला. आता मी घरी कसा जाऊ? घरात जाईल ते कोन जाईल?"

दुसरा कुणी असता तर हसला असता. विजयाला हसू आलं नाही. परत आलेला माणूस आणि परत न आलेला माणूस यांचाच घोळ तीही सकाळपासून घालत होती. ती त्याच्याशेजारी बसली.

"वाऱ्याने उडाली असेल, बाबा."

"वारा दगड उचलून बाजूला ठेवतो काय?" म्हाताऱ्याने बोट दाखवलं. एक गुळगुळीत दगड खरंच बाजूला नीट ठेवलेला होता. "नि डहाळी ती तितं हाय, बघ. ओहळात."

जरा खाली, दोन खडकांच्या बेचक्यात पाण्याने अडकवलेली एक डहाळी हलत होती. लांब हिरव्या शेंगांच्या जोड्या लोंबत होत्या.

"कसली ती?"

"कुड्याची. माझ्या दारचा कुडा. मी दुसरा पाला ठेवत नाय."

विजया जागच्या जागी थिजली. कुड्याची होती, शेंगा लोंबत होत्या. हे शब्द तिने आत्ताच, खारीच्या बशीसमोर ऐकले होते.

तिने वाघोबाकडे बघितलं. दगडात कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, सगळ्याला शेंदूर. पायाशी वाळलेली फुलं, नारळाची करवंटी, कुणी ठेवलेली सुपारी. आणि त्या सगळ्याच्या मागे, वाघाच्या पंजाला टेकून, एका छोट्या दगडाखाली काहीतरी हिरवं. तिने दगड न हलवता वाकून बघितलं.

विडा होता. पान कडेने मलूल झालेलं, देठ न खुडता आत मुडपलेला. वर लवंग.

विजयाचा हात पुढे गेला, पण नवसीने तो मधेच धरला. "नको, बाय! ज्याचं त्याने उचलायचं."

"माझ्या वाडीतला हाय," विजया कशीबशी म्हणाली. "मी लावलेला. शैलेश! शैलेश, इकडे ये. काल हे तिने ठेवलं?"

शैलेश धावत आला, बघितलं आणि मान हलवली. "हो, मावशी. माझ्यासमोर ठेवलं. ताई सगळीकडेच ठेवते. कुठल्याही डोंगराला गेली की आधी देव शोधते नि तुमचा विडा ठेवते. परत येताना घेते. मला वाटलं तुमीच तसं सांगितलंय."

विजयाला रडू कोसळलं, ते तिने थांबवलं नाही. फेकून देत असेल, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. मग तिने पदराने डोळे पुसले. रडायला वेळ नव्हता. पान अजून जागेवर होतं.

मेघाली उतरलीच नव्हती. ती वर होती, कालपासून. आणि ढग खाली येत होते.

५

प्रीतमची मोटारसायकल थांबली तेव्हा पाड्यातली माणसं दोर, कोयते आणि घोंगड्या घेऊन जमली होती, देवापुढे पाला ठेवून झाला होता. पण जायचं कुठे? काळखोंडीला घळींचा तोटा नाही. एकेक धुंडाळायची म्हटली तर दोन दिवस जातील, आणि वरच्या पोरीकडे दोन दिवस आहेत की नाहीत कुणाला ठाऊक.

"बोल," विजया प्रीतमला म्हणाली.

प्रीतमने मान खाली घातली. "मी खोटं बोललो, काकी. तिला वरच्या ओहळाचं पाणी तपासायचं होतं. मागच्या वेळी धबधब्याला मेलेले खेकडे बघितले तिने, आणि वास. म्हणाली, हा वास आपल्या कामातला हाय, प्रीतम. लॅबमधून बाटल्या घेतल्या. मला म्हणाली, चल. मी म्हणालो, नको त्या भानगडीत पडू, नोकरी जाईल. ती एकटी गेली. मग मला राहवलं नाय, मागून आलो. इथपर्यंत आलो, हाका मारल्या, पाऊस लागला, परत फिरलो. भ्यालो, काकी. आज सकाळी पण भ्यालोच."

"इथे देवापाशी काय केलंस?"

"हात जोडले. हा पाला कसला साचलाय? कुणी झाडत नाय इथे?"

नवसीने कपाळावर हात मारला. विजयाने मात्र मनातल्या मनात त्याचं नाव खोडलं.

"मी पण येतो शोधायला." मागून आवाज आला. दर्पण बॅटरी आणि रेनकोट घेऊन उभा होता. "पण खरं सांगू का, मॅडम? तुम्ही उगाच आशा लावून बसताय. मी तिला उतरताना बघितलंय."

"या," विजया म्हणाली. तिचा आवाज एकदम खाली आला होता. जुने सहकारी असते तर त्यांनी तो आवाज ओळखला असता. "जायच्या आधी एक सांगते, सगळ्यांनी ऐका. काल कुणीतरी या देवापुढची एक डहाळी उचलून ओहळात सोडली. का? तर पाला राहिला असता तर पाड्याची माणसं वर गेली असती. त्यांनी जाऊ नये, म्हणून. म्हणजे या माणसाला पाड्याची रीत पक्की ठाऊक, आणि पोर वर आहे हेही ठाऊक. प्रीतमला रीतच माहीत नाय. रीत माहीत असती तरी शैलेशने डहाळीला हात लावला नसता, तिने काय ठेवलंय ते त्याने बघितलं होतं. पाड्यातल्या कुणी ती उचलली नसती, शेंगांची डहाळी जिवल्याबाबांची हे इथे सगळ्यांना ठाऊक हाय. ज्याने उचलली त्याला वाटलं, दगडाखाली एकच पाला, तो त्या पोरीचाच. विडा त्याच्या डोळ्यांपुढे होता. पण त्याला तो देवाचा नैवेद्य वाटला, माणसाची खूण वाटली नाय."

विजया दर्पणकडे वळली.

"तुम्ही मला सांगितलंत, दर्पण, की माझ्या पोरीने तुमच्यासमोर कुड्याची डहाळी उचलली. शेंगा लोंबत होत्या म्हणालात. ती डहाळी या बाबांची. माझ्या पोरीने ती कधी हातात धरलीच नाय. मग तुम्ही ती कुणाच्या हातात बघितलीत?"

दर्पणने ओहळाकडे बघितलं. बेचक्यातल्या शेंगा अजून हलत होत्या.

"काल दिवसभर इथेच होतात ना? मग खारी बोईसरहून कशी आली? आणि तिचा फोन खारीबरोबरच गेला ना स्टेशनला?"

"मी तिला ढकललं नाही." तो एकदम बोलून गेला, आणि बोलून झाल्यावर त्याचे त्यालाच शब्द ऐकू आले. "शप्पथ सांगतो. ती माझ्या जागेत पिंपांचे फोटो काढत होती. मी फक्त ओरडलो. ती मागे सरकली, पाय घसरला, खाली घळीत गेली. फोन वरच पडला. मी काही केलं नाही."

"ओरडत होती ती?"

दर्पणने हातातली बॅटरी खाली ठेवली.

"मदतीला बोलवत होती का, ते विचारते मी."

"हो," तो पुटपुटला.

हात उचलायला विजयाला फार वेळ लागला नसता. पण त्या हाताला आज दुसरं काम होतं.

"कुठली घळ?"

"पिंपांच्या जागेमागची. जुना पिंपळ आहे तिथे."

नवसीने तोवर जवळच्या झुडपाचा पाला खुडला होता. तिने तो विजयाच्या हातात दिला. विजयाने वाघोबापुढे ठेवला, वर दगड ठेवला आणि माणसांच्या मागोमाग वर निघाली. शैलेश आणि प्रीतम दर्पणला धरून पोलिसांच्या गाडीची वाट बघत थांबले.

६

कच्च्या रस्त्याच्या टोकाला निळी पिंपं होती, काही गंजलेली, काही फुटलेली. कुठल्या कारखान्यांची, ते नंतर शोधणारे शोधतील. त्यांच्या खालून पिवळट ओघळ निघून ओहळाला मिळत होता. वास असा की डोळ्यांना झोंबावा. पुढे पिंपळ, आणि पिंपळाखाली जमीन एकदम तुटलेली.

"मेघू!" विजयाने हाक मारली.

उत्तर नाही. खाली गच्च झाडी, पाण्याचा आवाज.

"मेघू गं!"

पाड्याची माणसं दोर बांधायला लागली. विजयाने पिंपळाला मिठी मारून खाली वाकून बघितलं. उशीर झाला, असं तिच्या मनात आलं आणि त्या विचाराची तिला इतकी चीड आली की ती पुन्हा ओरडली, कुणाला हाक मारतोय हे विसरून, नुसतीच ओरडली.

खालून एक घोगरा, फाटका आवाज आला.

"आते... पायावर वजन देऊ नका म्हणावं. मोडलाय."

लाल टोपी दिसली, मग मातीने माखलेला चेहरा. दोराने उतरलेल्या माणसांनी तिला घोंगडीत गुंडाळलं आणि बांबूच्या झोळीत घालून वर काढलं. ओठ फुटलेले, अंग तापलेलं, डोळे मात्र जागे. विजयाने तिचं डोकं दोन्ही हातांत धरलं.

"ओहळाचं पाणी प्यायलीस का गं?"

"वेडी आहे का मी? पानांवरचं पावसाचं चाटलं," मेघाली म्हणाली. मग जरा थांबून, "बाटल्या खिशात आहेत, फुटल्या नाहीत. आणि आते, वालांना मोड आले?"

त्यावर विजया हसली की रडली, हे तिथे असलेल्या कुणालाही नीट सांगता आलं नसतं.

झोळी उतरत उतरत बांबूच्या बेटाशी आली तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. खाली पोलिसांची गाडी उभी होती. साहेब स्वतः आले होते आणि टोपी काढून बाजूला उभे राहिले होते. माणसं झोळी घेऊन सरळ गाडीकडे निघाली.

"थांबा," मेघाली म्हणाली. "माझं पान राहिलंय."

झोळी वाघोबापुढे टेकवली. तिने पडल्या पडल्या हात लांब केला, छोटा दगड सरकवला आणि विडा उचलला. विजयाने तिचा हात धरून ओहळापर्यंत नेला. लवंगेसकट पान पाण्यावर पडलं, खडकाला लागून फिरलं आणि पुढे गेलं.

जिवल्याला कुणीतरी त्याची कुड्याची डहाळी आणून दिली. त्याने ती पुन्हा देवापुढे ठेवली, पुन्हा उचलली, ओहळात सोडली आणि कुणाशी एक शब्द न बोलता जेवायला घरी गेला.

विजयाने आपलाही पाला उचलला.

७

मेघालीचा पाय दिवाळीनंतर प्लास्टरमधून सुटला. पिंपांचं प्रकरण कोर्टात गेलं, तिच्या बाटल्यांसकट. प्रीतमने साक्ष दिली. नोकरी गेली नाही, आणि गेली असती तरी चाललं असतं, असं तो आता सांगतो. शैलेश पुढे कधीही उशिरा पोचला नाही. उलट तासभर आधी जाऊन टपरीवर भजी खात बसतो.

थंडी पडली तेव्हा एका सकाळी मेघालीने सॅक काढली. बूट घालताना तिने आतेकडे बघितलं, येणारा प्रश्न ऐकायची तयारी ठेवून. विजयाच्या ओठांवर प्रश्न आला होता, पण तिने तो गिळला. वाडीत जाऊन पान खुडून आणलं, देठ आत मुडपला, लवंग टोचली आणि विडा सॅकच्या कप्प्यात सरकवला.

"जाते गं."

"ये," विजया म्हणाली.

मग दिवसभर तिला घर खायला उठलं. वाडीला पाणी लावलं, ओटी दोनदा झाडली, समुद्राकडे बघत बसली, फोन उलटा ठेवला, पुन्हा सुलटा केला. भीती काही गेली नव्हती. ती जाणारही नव्हती, हे तिने मान्य करून टाकलं होतं. शेवटी तिने फडक्यात बांधलेले, बोटभर मोड आलेले वाल सोलायला घेतले.

ऊन केळींच्या शेंड्यांवर गेलं तेव्हा फोन वाजला. मेघालीचा संदेश होता, दोनच शब्दांचा.

"पान उचललं."

विजयाने तो दोनदा वाचला, फोन बाजूला ठेवला आणि उरलेले वाल सोलले.